गादी साताऱ्यात, कारभार पुण्यात

मैत्रिणींनो, पैठणीला पेशव्यांनी आश्रय दिला हे आपल्या येवल्यातल्या शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं. पण पेशवा म्हणजे राजा नव्हे, राजाचा पंतप्रधान, हे बचत गटात बोलता बोलता सांगितलं की बऱ्याच जणी चमकतात. शिवरायांनी आठ प्रधान नेमले होते. पद कुणाच्या घराण्याचं नव्हतं. मग सगळी सत्ता त्यातल्या एकाच्याच हाती कशी गेली? हे सांगताना मला महाराणी ताराबाईंचीच गोष्ट सांगावीशी वाटते, कारण त्याला उघड विरोध करायला उभी राहिली ती पंचाहत्तरीची ही बाई.

शाळेत आपण शिकलो त्या ताराबाई १७०७ लाच संपतात. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक, राजाराम महाराजांची राणी. १७०० साली पती गेले, तेव्हा वय अवघं पंचवीस. लहान मुलाला गादीवर बसवून सात वर्षं औरंगजेबाशी झुंजल्या. पुढचं मात्र कुणी फारसं सांगत नाही. शाहू सुटून आले, गादीचा वाद झाला. ताराबाईंनी कोल्हापूरची गादी उभी केली. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी त्यांना मुलासह कैदेत टाकलं. मुलगा गेला. पुढे त्या साताऱ्यात नजरेखाली राहिल्या.

इकडे शाहूंच्या दरबारात १७१३ ला बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, १७२० ला मुलगा बाजीराव, १७४० ला नातू नानासाहेब. तिघंही कर्तबगार, यात शंकाच नाही. पण पद घराण्यात मुरलं आणि बाकीचे प्रधान हळूहळू नावापुरते उरले. १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले. जाण्याआधी राज्याचा कारभार नानासाहेबांच्या हवाली लिहून गेले. गादीवर आला रामराजा, ताराबाईंनी आपला लपवून वाढवलेला नातू म्हणून पुढे केलेला. १७५० मध्ये सांगोल्याला त्याने उरलासुरला अधिकारही पेशव्यांना देऊन टाकला. सरपंचबाईंच्या सह्या आणि कारभार पतिराजांचा, असं आपण आजूबाजूला पाहतोच. तसंच हे, फक्त अख्ख्या राज्याचं.

म्हातारीला ते पटलं नाही. पेशव्यांचं ऐकू नकोस म्हणून तिने नातवाला समजावलं. तो बधेना. त्या नोव्हेंबरात चंपाषष्ठीच्या निमित्ताने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि तिथेच कैद केलं! सोबतीला होत्या उमाबाई दाभाडे, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या अभोण्याच्या ठोके घराण्याची लेक. त्यांच्या वतीने दमाजी गायकवाड फौज घेऊन गुजरातेतून आले. १७५१ मध्ये पेशव्यांनी त्यांना कैद केलं, आणि ताराबाई एकट्या पडल्या.

मला ताराबाई सगळ्याच पटत नाहीत. प्रधानाच्या हातात सत्ता एकवटू नये म्हणता म्हणता ती स्वतःच्या मुठीत हवी, असंही त्यांचं होतंच. नातवाला डांबणं कसलं राज्य वाचवणं? पण दरबारातले मोठमोठे सरदार गप्प होते, हेही विसरता येत नाही.

१७५२ मध्ये जेजुरीला खंडोबाच्या देवळात दोघांनी शपथा घेतल्या. आपण एकमेकांच्या वाटेला जायचं नाही, असं ठरलं. ताराबाईंनी तिथे आणखी एक शपथ घेतली: रामराजा आपला नातू नव्हेच. खरं काय ते त्यांनाच ठाऊक. पण त्या एका शपथेने छत्रपतींच्या गादीचं उरलंसुरलं वजनही गेलं, आणि फायदा झाला तो पेशव्यांचाच. साताऱ्याचा किल्ला आणि रामराजा मात्र ताराबाईंच्याच ताब्यात राहिले.

१७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब गेले. जुलैत सोळा वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली ती साताऱ्याहूनच. रीत तेवढी पाळली जात होती. ताराबाई तेव्हा हयात होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात, शहाऐंशीच्या घरात, साताऱ्यातच त्या गेल्या. रामराजा तेव्हाही कैदेतच होता.