परदेशातील पहिले दिवस : कै. डॉ. आनंदीबाई जोशी

परदेशी विद्येस जाणाऱ्या मुलामुलींस निरोप देताना आपल्या गावोगावी हारतुरे पुष्कळ होतात. फी भरली व तिकीट काढले, की आपले काम झाले, असे पालकांस आणि देणगीदारांस वाटते. वास्तविक विद्यार्थ्याची खरी परीक्षा परक्या भूमीवर उतरल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत होते. आणि ती खोली, अन्न, वस्त्र व ऊब या साध्या गोष्टींत होते. कैलासवासी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र या दृष्टीने प्रत्येक व्यवहारी गृहस्थाने पुन्हा डोळ्यांखालून घालण्यासारखे आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. पत्नीस शिकवावयाचे, हा गोपाळरावांचा ध्यास होता. त्यांची शिस्त कठोर होती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस पुत्र झाला व दहा दिवसांत तो गेला. स्त्रियांच्या दुखण्यास स्त्री वैद्य मिळत नाही, या दुःखातून त्यांचा वैद्यकीचा निश्चय दृढ झाला. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांस साहाय्याविषयी लिहिले, तेव्हा बदल्यात धर्मांतराची अपेक्षा पुढे आली. परंतु तोच पत्रव्यवहार न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत असता एका मासिकात वाचला, आणि केवळ माणुसकीने आनंदीबाईंस पत्र धाडले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे, बंगाल्यात, भरसभेत आनंदीबाईंनी आपला हेतू सांगितला आणि स्वधर्म न सोडता जाऊन येण्याचा निर्धार प्रकट केला. ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून त्या पतीवाचून निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कास उतरल्या. वय अठरा! धक्क्यावर कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या. रोझेल येथे त्यांच्या घरी आनंदीबाईंचा पहिला उन्हाळा गेला. यजमानीणबाईंस त्या मावशी म्हणत. शाकाहार, लुगडे, कुंकू यांस त्या घरी कोणी हरकत घेतली नाही. परक्या देशात माणूस आधी कोणाच्या तरी घरचे व्हावे लागते. ते भाग्य त्यांस लाभले.

शरदऋतूत मात्र ते घर सोडून फिलाडेल्फियास जावे लागले. तेथील स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज १८५० साली स्थापन झालेले. त्याच्या प्रमुख रेचल बॉडलीबाई यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची सोय करून दिली. विद्येची व्यवस्था अशी चोख होती; पण खोलीतील शेगडी धड पेटत नसे. विस्तव घातला तर धूर कोंडे, न घातला तर थंडी अंगास झोंबे. नऊवारी लुगड्याने पोटऱ्या पुरत्या झाकत नाहीत, म्हणून त्यांनी पुढे गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. मांस वर्ज्य, मनाजोगे अन्न दुर्मिळ. अशा स्थितीत शरीरशास्त्राचा अभ्यास चालला होता, तोही परभाषेत.

११ मार्च १८८६ रोजी त्यांस एम. डी. पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या इस्पितळातील स्त्रीविभागाची जागा देऊ केली. तथापि आनंदीबाई स्वदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या देहाने. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली.

त्यांची प्रकृती मुळातच नाजूक होती, व क्षयाचा सारा दोष थंडीवर घालणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु अशक्त देहास धूर, गारठा व अर्धपोटी दिवस यांनी अधिक अशक्त केले, हे कोण नाकारील? स्वधर्माचे व आचाराचे नियम पाळ, अशी त्यांच्याकडून अपेक्षा करणारे आपल्याकडे पुष्कळ होते. ते नियम हिमाच्या देशात पाळता यावेत म्हणून लागणाऱ्या कोळशाचा हिशेब किती जणांनी केला?

व्यापाऱ्यास हे तत्त्व नव्याने शिकविण्याचे कारण नाही. परगावी माल धाडताना तो उतरवून घेणारा आडत्या कोण, वखार कोरडी की ओली, याची चौकशी तो आधी करतो. मग पोटच्या पोरांविषयीच ही दक्षता का नसावी? शिष्यवृत्तीचा फंड काढणाऱ्या प्रत्येक संस्थेने फीखेरीज पहिल्या हिवाळ्याच्या कपड्यांची, अन्नाची, औषधाची व निवाऱ्याची रक्कम वेगळी काढावी. आणि त्या गावातील एखादे विश्वासू बिऱ्हाड आधी पत्राने जोडून ठेवावे. आनंदीबाईंस रोझेलचे दार एका परक्या स्त्रीने उघडून दिले. आपल्या विद्यार्थ्यांसाठी ते उघडून देण्याचे काम आपले आहे.