कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

डोंबिवली लोकलमध्ये आमचा ग्रुप गेमसाठी काल्पनिक जमाती रचतो. राक्षस म्हणजे ताकद फुल, डोकं झीरो! इरावती कर्वे वाचल्या आणि मला ते पटेनासं झालं.

१९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाईंचं नाव तिथल्या इरावती नदीवरून ठेवलेलं. पीएच.डी.साठी त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्व मानणारे. पण कवट्या मोजून बाईंनी निष्कर्ष काढला, की कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी समाज अभ्यासला तो नात्यागोत्यांतून. १९६७ च्या ‘युगान्त’मध्ये खांडववन जळतं, ते नागांचं घर म्हणून. त्याच आगीतून वाचलेला मयासुर पांडवांची मयसभा उभारतो. १९७० साली बाई गेल्या.

मित्रांनो, आपल्या राक्षसालाही घर, नाती आणि कसब द्या. मग त्याचं हरणंसुद्धा खरं वाटेल.