भास्कराचार्य : आधी काय, मग काय

माजलगाव तालुक्यात मंजरथ येथे सिंदफणा नदी गोदावरीला मिळते. या परिसरातील वाचकांना भास्कराचार्य आपले वाटावेत, याला एक कारण आहे. आचार्यांनी आपले गाव विज्जडविड असे सांगितले असून ते सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले होते. काही अभ्यासकांनी ते गाव म्हणजेच बीड असे मानले. इतरांचा कौल चाळीसगावजवळच्या पाटण परिसराकडे आहे. सह्याद्रीचा उल्लेख पाहता आम्हालाही दुसरा पक्ष बळकट वाटतो. बीडकरांनी राग मानू नये.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्याचा अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. लीलावती ही त्यांची कन्या व तिचे लग्न मुहूर्त चुकल्याने राहिले, ही कथा फैजीच्या १५८७च्या फारसी भाषांतरातून पसरली. तिला जुना आधार सापडत नाही.

या ग्रंथात बेरजेपासून घनमुळापर्यंत आठ क्रिया आहेत. १३५ ला १२ ने गुणायचे, तर १२ चे ८ आणि ४ असे भाग पाडून १०८० व ५४० मिळवावेत. किंवा आधी ३ ने व मग ४ ने गुणावे. किंवा २० ने गुणून ८ पट वजा करावी. उत्तर १६२०च. ज्याला आज शाळेत वितरणाचा नियम म्हणतात, तो येथे उदाहरणातूनच अंगवळणी पडतो.

त्या काळी आजच्यासारखे कंस नव्हते. क्रियांचा क्रम श्लोकातील शब्दांनीच ठरे. व्यस्तविधीत तो क्रम उलटा चालवायचा : शेवटची क्रिया आधी, गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ.

खरी कसोटी शून्यापाशी लागली. पोपपदी येण्यापूर्वी सिल्व्हेस्टर दुसरे यांनी दहाव्या शतकात गणनफळ्यावर भारतीय मुळाचे नऊ अंक वापरले, पण त्यांत शून्य नव्हते. भास्कराचार्यांनी शून्याच्याही आठ क्रिया दिल्या. शून्याने गुणल्यावर पुढे क्रिया बाकी असेल, तर लगेच शून्य मांडू नये, असा त्यांचा नियम आहे. पुढे शून्याने भागले की मूळ संख्या जशीच्या तशी राहते, असे ते सांगतात. त्यांच्या एका उदाहरणात संख्येला शून्याने गुणून, आलेल्यात त्याचे निम्मे मिळवून, तिप्पट करून, शून्याने भागल्यावर ६३ येतात; उत्तर ते १४ देतात. आजचे गणित हे मान्य करीत नाही, कारण शून्याने भागाकार होतच नाही. तरीही घाईने शून्य मांडले तर संख्या हरवते, हे त्यांनी हेरले होते. ही चूकसुद्धा फार पुढचे पाहणाऱ्याची आहे.

वयाच्या ६९व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी मानाला चढले. नातू चांगदेवांनी पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याच्या दानाचा इ.स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे. पण मठाच्या खर्चाचा हिशेब येताच तो जुन्या मराठीत उतरतो. बाजारात येणाऱ्या मालाचा हिस्सा आणि गावातील प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असे त्यात कोरले आहे.