ओढ्याकाठचा टोड आणि स्टोलिचका

पावसाळ्यात आंबोलीला जाऊन रात्री टॉर्चच्या उजेडात बेडूक शोधलेत कधी? सापडतो पटकन. पण तो नेमका कोणता, हे सांगायची वेळ आली की भल्याभल्यांची दांडी उडते. म्हणूनच फर्डिनांड स्टोलिचका तुम्हाला माहीत असायला हवा.

जन्म १८३८चा, मोरावियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. १८६२मध्ये तो कलकत्त्याला भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात रुजू झाला, तेव्हा तो जेमतेम चोविशीत होता. पगार दगडांचा: दक्षिण भारतातले क्रिटेशियस काळातले जीवाश्म तपासायचे, स्पितीतले खडक पाहायचे. गोगलगायी, पक्षी, सरडे, बेडूक हे सगळं हौसेखातर. (हौस काय, दुसरी नोकरीच म्हणा!)

या हौसेतूनच त्याने मलायातल्या पेनांग बेटावरच्या एका चिमुकल्या टोडचा अभ्यास केला. टोड म्हटला की जाडजूड अंग, खडबडीत कातडी आणि डोळ्यांमागे फुगीर विषग्रंथी. हा मात्र सडपातळ, हातपाय काटकुळे, आणि त्या ग्रंथींचा पत्ताच नाही. अशा वेळी ‘असेल एखादा वेगळा’ म्हणून सोडून देणं सोपं असतं. स्टोलिचकाने १८७०मध्ये त्याच्यासाठी अख्खा नवा जीनस मांडला, ‘अँसोनिया’. हे नाव पेनांगचा लेफ्टनंट गव्हर्नर कर्नल अँसन याच्यावरून. जात ‘पेनांगेन्सिस’. या गटाचे टॅडपोल जोरदार वाहत्या ओढ्यात तोंडाने खडकाला चिकटून राहतात.

चारच वर्षांनी यारकंद मोहिमेहून परतताना, काराकोरम ओलांडल्यावर, १९ जून १८७४ रोजी मुर्गोला तो गेला. वय ३६. इतक्या उंचीवर डोकं फुटायची वेळ आली तरी गड्याचं नमुने गोळा करणं थांबलं नव्हतं. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे. बाइकवरून जाल तेव्हा बघा.

आणि तो टोड? मलायाच्या मुख्य भूमीवरचे टोडही पुढे याच नावाने नोंदले गेले, ते वेगळे असल्याचं नंतर कळलं. आपल्या पश्चिम घाटातला गुंथरचा ‘ऑर्नाटा’सुद्धा अँसोनियातच बसवला होता. २००९मध्ये त्याला ‘घाटोफ्रायनी’ हा वेगळा जीनस मिळाला. त्याच शोधनिबंधात आंबोलीचा टोडही नवी जात म्हणून नोंदला गेला. अस्सल पेनांगेन्सिस मात्र २०११मध्ये पेनांगवरच पुन्हा सापडल्याचं संशोधकांनी जाहीर केलं, नव्या वर्णनासकट.