मार्गारेट हेली : शिक्षकांच्या न्याय्य वेतनासाठी झटलेले एक जीवन

शिक्षकी पेशा हे एक व्रत आहे, असे आपण मोठ्या आदराने म्हणतो. आपल्या कितीतरी कुटुंबांत शिक्षक आणि शिक्षिका आहेत व त्यांच्याविषयी समाजात आपुलकीही आहे. परंतु व्रतस्थ माणसालाही घरभाडे भरावे लागते, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी करावे लागते, याचा मात्र आपल्याला सहज विसर पडतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील शिकागो शहरात एका प्राथमिक शिक्षिकेने ही गोष्ट राज्यकर्त्यांना आणि धनवंतांना ठामपणे जाणवून दिली. त्यांचे नाव मार्गारेट हेली. त्यांच्या जीवनकार्याची ओळख आपण येथे करून घेऊ या.

मार्गारेट यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६१ रोजी इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे एका आयरिश कॅथलिक कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. त्यामुळे वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी त्यांनी एका खेड्यातील शाळेत शिकवण्यास सुरुवात केली. पुढे त्या शिकागोत आल्या आणि १८८४ पासून हेंड्रिक्स शाळेत सहावीच्या वर्गाला शिकवू लागल्या. ही शाळा कत्तलखान्यांच्या वस्तीजवळ होती. देशोदेशींहून आलेल्या गरीब मजुरांची मुले तेथे शिकत. वर्ग मुलांनी खच्चून भरलेले असत. अशा शाळेत त्यांनी सुमारे सोळा वर्षे अध्यापन केले.

त्या काळी शिकागोच्या प्राथमिक शाळांत शिकवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. त्यांचे वेतन सुमारे वीस वर्षे जवळजवळ वाढलेच नव्हते. म्हणून १८९७ साली या शिक्षिकांनी ‘शिकागो टीचर्स फेडरेशन’ ही संघटना स्थापन केली. पुढील वर्षी हेलीबाई तिच्या सदस्या झाल्या. संघटनेच्या आग्रहामुळे शिक्षण मंडळाने टप्प्याटप्प्याने वेतनवाढ मान्य केली. शिक्षिकांना वाटले, आता दिवस पालटतील. परंतु थोड्याच काळात मंडळाने हात वर केले. तिजोरीत पैसा नाही, या कारणास्तव मान्य झालेली वाढ थांबवण्यात आली.

येथे दुसरा कोणी असता तर नशिबाला दोष देऊन गप्प बसला असता. हेलीबाईंनी मात्र तिजोरीत पैसा का नाही, याचा शोध घेण्याचे ठरवले. १९०० साली त्या आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन गॉगिन यांनी वर्गातून रजा घेतली व कराच्या नोंदी तपासण्यास आरंभ केला. त्यातून एक धक्कादायक वास्तव पुढे आले. शहराच्या रस्त्यांवरून ट्राम चालवणाऱ्या, तसेच गॅस, वीज आणि टेलिफोन पुरवणाऱ्या कंपन्यांना शहराने मोलाचे परवाने दिले होते. कायद्याप्रमाणे या परवान्यांच्या मूल्यावरही कर आकारणे आवश्यक होते, परंतु तो आकारलाच जात नव्हता. गरिबाच्या घरावर कर होता आणि धनाढ्य कंपन्या मोकळ्या होत्या. शाळा चालत असत त्या याच करांवर.

संघटनेने न्यायालयाचे दार ठोठावले. ऑक्टोबर १९०१ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षिकांच्या बाजूने कौल दिला आणि राज्याच्या करनिर्धारण मंडळास या मूल्यावर कर आकारण्याचा आदेश दिला. कंपन्यांनी संघराज्याच्या न्यायालयात धाव घेऊन रक्कम बरीच कमी करून घेतली. तरीही सुमारे सहा लाख डॉलर कर वसूल झाला व शिक्षण मंडळाच्या वाट्याला सुमारे अडीच लाख डॉलर आले.

तथापि परीक्षा संपली नव्हती. शिक्षिकांच्या श्रमाने मिळालेला हा पैसा मंडळाने कोळशाची बिले आणि इमारतींची डागडुजी यांकडे वळवला. शिक्षिका पुन्हा न्यायालयात गेल्या. १९०४ साली न्यायाधीश एडवर्ड डन यांनी निर्णय दिला, की थांबवलेले वेतन शिक्षिकांना मिळालेच पाहिजे. हेच डन १९०५ साली शिकागोचे महापौर झाले.

या लढ्यात आणखी एक अडचण होती. महापौर निवडण्याचा अधिकार इलिनॉयमधील स्त्रियांना १९१३ पर्यंत नव्हता. ज्यांच्या हाती मत नाही, त्यांचे कोण ऐकणार? म्हणून १९०२ साली हेलीबाईंनी आपली संघटना शहरातील कामगार महासंघाशी जोडली. सुशिक्षित शिक्षिकांनी खाटीक आणि गवंडी यांच्या पंक्तीस बसावे, हे अनेक प्रतिष्ठितांना रुचले नाही. पण हेलीबाईंचे म्हणणे साधे होते. या कामगारांचीच मुले आपल्या वर्गात बसतात, मग त्यांच्या वडिलांची साथ घेण्यात कमीपणा कसला? त्याच वर्षी सेंट लुईस येथील राष्ट्रीय शिक्षण अधिवेशनाला दोन वर्षे उरली होती. १९०४ च्या त्या अधिवेशनात व्यासपीठावरून बोलताना त्यांनी अपुरे वेतन, भरलेले वर्ग आणि शाळेच्या कारभारात शिक्षकांना नसलेला आवाज यांची स्पष्ट मांडणी केली.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकाद्वारे श्रमिकाचे न्याय्य वेतन व संघटना स्थापण्याचा त्याचा हक्क यांविषयी जगाला शिकवण दिली होती. शिकागोतील लढा ख्रिस्तसभेने चालवलेला नव्हता, तो सार्वजनिक शाळांतील शिक्षिकांचा होता. तरीही दोन्हीकडे प्रश्न एकच होता, हे आपण ध्यानात घ्यावे.

हेलीबाईंना केवळ यशच मिळाले असे नाही. १९१५ साली शिक्षण मंडळाने शिक्षकांना कामगार संघटनेचे सदस्यत्व घेण्यास मनाई करणारा नियम केला. १९१६ साली ६८ शिक्षकांच्या नेमणुका पुढे चालू ठेवण्यात आल्या नाहीत. त्यांतील निम्म्याहून अधिक हेलीबाईंच्या संघटनेच्या सदस्या होत्या. त्याच वर्षी ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स’ ही देशव्यापी संघटना स्थापन झाली आणि शिकागोच्या शिक्षिकांच्या संघटनेला तिची पहिली शाखा होण्याचा मान मिळाला. परंतु १९१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा अधिकार मान्य केला. नोकऱ्या वाचवण्यासाठी हेलीबाईंना कामगार महासंघाशी असलेले नाते तोडावे लागले. त्याच वर्षी नव्या कायद्याने शिक्षकांना सेवेची शाश्वती मिळाली, हे त्या माघारीतील समाधान. पुढे शिक्षकांचे नेतृत्व इतरांकडे गेले. १९३० नंतरच्या महामंदीत शिकागोच्या शिक्षकांना महिनोन्‌महिने पगाराविना राहावे लागले, तेही त्यांना पाहावे लागले. ५ जानेवारी १९३९ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली.

त्यांचा प्रश्न मात्र संपला नाही. १९९१ साली मिनेसोटा राज्याने अमेरिकेतील पहिला ‘चार्टर स्कूल’ कायदा केला आणि १९९६ मध्ये इलिनॉयनेही तसाच कायदा केला. या शाळांचा खर्च जनतेच्या करातून होतो, पण त्या स्वतंत्र मंडळे चालवतात. नवे प्रयोग करता यावेत म्हणून त्यांना अनेक नियमांतून सूट मिळते. त्यांतील बहुसंख्य शिक्षक संघटनेबाहेर असतात. अशा शाळांमुळे गरीब मुलांना चांगला पर्याय मिळतो, असे समर्थक म्हणतात. सार्वजनिक शाळांचा पैसा त्यामुळे वाटला जातो, असे विरोधक म्हणतात. डिसेंबर २०१८ मध्ये अशाच एका चार्टर शाळासमूहातील शिक्षक वेतन आणि वर्गातील मुलांची संख्या या प्रश्नांवर संपावर गेले. चार्टर शाळासमूहातील हा अमेरिकेतील पहिला संप. तो घडला तो हेलीबाईंच्याच शिकागो शहरात!

शाळा कोणत्याही प्रकारची असो, पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि वर्गात उभ्या असलेल्या बाईंच्या हाती त्यातील किती पडतो, हे विचारणारे कोणीतरी असावे लागते. हेलीबाईंनी ते विचारले आणि पुराव्यानिशी विचारले. शिक्षकदिनी आपण गुरुजनांना पुष्पगुच्छ देतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर त्यांच्या घरची चूल कशी पेटते, याचीही आस्थेने विचारपूस करू या. मार्गारेट हेली यांना हीच खरी आदरांजली ठरेल.