विश्लेषण : पुण्याच्या माळावरचा ‘रामा’ आणि कर्नल साइक्स… पक्ष्यांची नावे सारखी का बदलतात?

हिवाळ्यात पुण्याभोवतीच्या माळांवर, बाभळीच्या झुडपांत मातकट रंगाचा एक चिमुकला वटवट्या येतो. जुन्या पुस्तकांत त्याचे शास्त्रीय नाव ‘हिप्पोलाइस’ने सुरू होते, नव्या अ‍ॅपवर ‘इडुना’ने. त्यापुढचा ‘रामा’ मात्र १८३२ पासून तोच आहे. तो देणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स पेशवाईच्या पाडावात लढलेले लष्करी अधिकारी होते.

कोण होते साइक्स?

१७९० मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशर भागात जन्म. किशोरवयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८१७ मध्ये खडकी आणि पुण्याच्या लढायांत होते. १८२४ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्याकडे दख्खनची आकडेवारी जमवण्याचे काम दिले. माणसे, पिके, हवामान यांच्या नोंदींबरोबर साइक्स पशुपक्ष्यांचे नमुनेही गोळा करत गेले. १८२९ मध्ये हे पदच रद्द झाले. तरी त्यांनी रजा घेऊन काम पुरे केले आणि १८३१ मध्ये मायदेश गाठला. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष व अ‍ॅबर्डीनचे खासदार झाले. १८७२ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले.

त्यांनी कोणती नावे दिली?

दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे आली. तीत माळावरच्या तुरेवाल्या चंडोलाला ‘देवा’, या वटवट्याला ‘रामा’, तर आपल्या घारीला ‘गोविंदा’ अशी नावे आहेत. राखी रंगाच्या मोठ्या सातभाईला त्यांनी गव्हर्नर जॉन माल्कम यांचे नाव दिले. साइक्स यांचे पद रद्द झाले तेव्हा माल्कमच गव्हर्नर होते!

मग बदलते काय?

शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे पक्ष्याच्या घराण्याचा. नातेसंबंधांची नवी माहिती आली की तो बदलतो. म्हणूनच हा सातभाई आधी ‘टिमालिया’, मग ‘टर्डॉइडिस’ आणि आता ‘आर्गिया’ आहे. दुसरा शब्द जातीचा. आधी प्रसिद्ध झालेल्या नावाला मान, या नियमाने तो सहसा टिकतो. नावापुढे ‘(साइक्स, १८३२)’ असे कंसात दिसले, तर घराणे बदलले आहे असे समजावे.

खरी अडचण जाती एकत्र केल्या किंवा वेगळ्या काढल्या की होते. ‘रामा’ला दीर्घकाळ ‘बूटेड वॉर्बलर’ची उपजात मानले जात होते. आता या दोन जाती आहेत. रामाची चोच आणि शेपूट किंचित लांब असते, पण झुडपातल्या पक्ष्याचा एवढा फरक टिपणे अनुभवी निरीक्षकालाही जड जाते. जुन्या वह्यांत नुसतेच ‘बूटेड वॉर्बलर’ लिहिले असेल आणि सोबत फोटो, आवाज किंवा वर्णन नसेल, तर ती नोंद आज कोणत्याच जातीच्या खात्यात खात्रीने टाकता येत नाही.

साइक्स यांच्याच यादीतल्या दुसऱ्या एका चंडोलाचे जातीनाम दख्खनवरून ‘दुखुनेन्सिस’ आहे. तो इथे फक्त हिवाळी पाहुणा. त्यामुळे काही याद्यांत त्याचे इंग्रजी नाव आता ‘मंगोलियन’ झाले आहे. शास्त्रीय नावात दख्खन अजून आहे.