जय जगत् : विनोबांची वाट

विनोबा भावे म्हटले की आपल्याला गीताई आठवते, भूदान आठवते. पण बड्या राष्ट्रांमधील युद्ध टळावे म्हणून सामान्य माणसाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्या चरित्रात आहे. तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही, असे मला वाटते.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा बुद्धिमान विद्यार्थी सुरतेलाच गाडीतून उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये कोचरबच्या आश्रमात त्याला गांधीजी भेटले. परीक्षा राहिली ती कायमचीच!

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने भारताला न विचारताच ओढले. तेव्हा १९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह पुकारला आणि पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडले. दुसरे होते पंडित नेहरू. तेच पुढे १९४२ ते १९४५ या काळात आपल्या जिल्ह्यातील नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. विनोबांचा सत्याग्रह तो काय? गावोगाव उभे राहून, या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, एवढेच सांगायचे. १७ ऑक्टोबरला पवनारला त्यांनी ते सांगितले आणि चार दिवसांत त्यांना अटक झाली. एका निःशस्त्र माणसाचा नकारही साम्राज्याला सहन झाला नाही!

१९५१ पासून ते भूदानासाठी देशभर पायी हिंडले. १९५७ साली त्यांनी शांतिसेना उभारली आणि जय जगत् हा घोष दिला. त्या घोषाची कसोटी १९६२ साली लागली. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अणुबाँबच्या निषेधार्थ दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन अशा यात्रेस निघणार होते. विनोबांनी त्यांना सल्ला दिला, की जवळ एक पैसाही ठेवू नका. त्यामागचे मर्म मोठे आहे. पैसा असला की माणूस खाणावळीत जेवतो आणि धर्मशाळेत झोपतो. पैसा नसला की त्याला रोज नव्या घराचे दार ठोठवावे लागते, आणि दार उघडले की बोलणे होतेच. पहिला परका मुलूख पाकिस्तान; तिथेही त्यांना जेवू घालणारे भेटले. सोव्हिएत जॉर्जियात चहाच्या कारखान्यातील स्त्रियांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या चार देशांच्या प्रमुखांना त्या पोचवायच्या होत्या. बाँबची कळ दाबण्याआधी त्यांनी एक कप चहा घेऊन क्षणभर विचार करावा, एवढीच त्या बायांची विनंती होती.

यात्रा १९६४ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला पोचली. अण्वस्त्रे काही नाहीशी झाली नाहीत. उलट ते दोघे वाटेत असतानाच क्यूबाचे संकट उद्भवले आणि चीनने आपल्यावर आक्रमण केले. मग हे सारे व्यर्थच का? मला तसे वाटत नाही. शत्रू म्हणजे माणूसच नव्हे, हे जनतेच्या मनावर ठसल्यावाचून युद्ध चालवता येत नाही. ज्याने त्याच्या घरची भाकरी खाल्ली, त्याच्या मनावर ते ठसत नाही.

आपल्या कर्जत तालुक्यातून दरवर्षी मुले फौजेत जातात. माझा मामेभाऊही सीमेवर आहे. त्याच्या शौर्याचा मला अभिमान आहे, म्हणूनच त्याचे प्राण कोणाच्या तरी अहंकारापायी जाऊ नयेत असे वाटते. तेव्हा मित्रहो, युद्धाची आवई उठेल त्या दिवशी चावडीवर, एस.टी. स्टँडवर, मोबाईलवर द्वेषाची भर घालायची नाही, ऐकीव बातमी पुढे ढकलायची नाही आणि मत मागायला येणाऱ्याला शांततेसाठी काय करणार हे विचारायचे, एवढे तरी आपल्या हाती आहे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला विनोबांनी देह ठेवला. त्यांची वाट मात्र पायी चालणाऱ्या प्रत्येकासाठी मोकळी आहे.